वाचकांचे प्रश्न : रात्रीची लांबी आणि हॅमस्टरची भूक

मागील अंकात शीतनिद्रेविषयीच्या एका उत्तरात, दिवस लहान होऊ लागले की काही छोट्या सस्तन प्राण्यांचे चयापचय आपोआप बदलते आणि त्यात मेंदूतील पिनल ग्रंथीतून रात्री पाझरणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचा हात असतो, असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. ज्या पत्रांचा आशय सारखा होता, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या मुलीने ‘विंटर व्हाइट’ जातीचा हॅमस्टर पाळला आहे. थंडीत तो पांढराशुभ्र होईल आणि अंगाने उतरेल, असे दुकानदाराने सांगितले होते. हिवाळा सरत आला, तरी तो राखाडीच आहे आणि चांगला गुबगुबीतही आहे. शिवाय थंडीत प्राण्याने रोडावावे, हेच मला उलटे वाटते. थंडीत भूक वाढायला हवी ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरे कोडे तेच आहे. विंटर व्हाइट म्हणून विकला जाणारा प्राणी म्हणजे झुंगेरियन हॅमस्टर, उंदराच्या गोतातला एक छोटा कृंतक; शास्त्रीय नाव फोडोपस सुंगोरस. कझाकस्तान आणि नैर्ऋत्य सायबेरियातील गवताळ माळ हे त्याचे मूळ घर. पीटर सायमन पालास या निसर्गअभ्यासकाने १७७३ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्या पट्ट्यात, ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, जूनमधील दिवस सव्वासोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमधील जेमतेम आठ तासांचा. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली उतरतो. अशा थंडीत हा मूठभर जीव शीतनिद्रा घेत नाही. बर्फ असला तरी रात्री बिळाबाहेर पडून दाणे गोळा करतो.

एवढ्याशा प्राण्याची मुख्य अडचण उष्णतेची असते. शरीर जितके लहान, तितका आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, आणि उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. त्यामुळे बारीक होणे हे थंडीत आत्मघातकी वाटते, आणि दर ग्रॅममागे हिशोब केला तर ते खरेही आहे. मात्र प्राण्याला पोट भरावे लागते ते दर ग्रॅमचे नव्हे, सबंध शरीराचे. ४० ते ४५ ग्रॅमच्या शरीरापेक्षा २५ ग्रॅमच्या शरीराला दिवसाकाठी एकूण अन्न कमी लागते, आणि बर्फाखालून दाणे शोधणाऱ्याच्या दृष्टीने हाच हिशोब महत्त्वाचा ठरतो. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. हा हॅमस्टर अंथरूण आखूड होण्याआधीच पाय आखडून घेतो. उन्हाळ्यातील वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ते चाळीस टक्के वजन तो हिवाळ्यापर्यंत उतरवतो. त्यात चरबी मुख्य असली, तरी इतर ऊतीही आक्रसतात. सोबत दाट पांढरी लव येते, प्रजननेंद्रिये आकसून जवळपास निकामी होतात आणि खांद्याच्या पात्यांमधील तपकिरी चरबीची उष्णता निर्माण करण्याची क्षमता वाढते. ही चरबी नेहमीच्या पांढऱ्या चरबीसारखी साठवणुकीची नसते; तिच्या पेशींतील तंतुकणिका इंधन जाळून ऊर्जा थेट उष्णतेच्या रूपात सोडतात, त्यासाठी अंगाला कापरे भरण्याची गरज पडत नाही.

हे सारे थंडीमुळे किंवा उपासमारीमुळे होत नाही. प्रयोगशाळेत खोलीचे तापमान उबदार ठेवले, अन्न हवे तेवढे दिले आणि फक्त दिव्यांची वेळ १६ तासांवरून ८ तासांवर आणली, तरी हॅमस्टर आपण होऊन कमी खाऊ लागतो आणि बारा-पंधरा आठवड्यांत रोडावतो. भरल्या ताटावरून उठणारा प्राणी म्हणायचा. स्टीफन श्टाइनलेश्नर, गेरहार्ड हेल्डमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. लहान दिवसांत वजन उतरत असलेल्या हॅमस्टरांना त्यांनी काही काळ मुद्दाम अर्धपोटी ठेवले, त्यामुळे त्यांचे वजन अपेक्षेपेक्षा लवकर घसरले. नंतर पुन्हा भरपूर अन्न दिले. तेव्हा ते खाऊन वर आले खरे, पण उपासापूर्वीच्या वजनापर्यंत गेले नाहीत. मधल्या काळात उपास घडलाच नसता तर त्या आठवड्यात जेवढे वजन असते, तेवढ्यावर येऊन थांबले. म्हणजे मेंदूत वजनाचे एक अपेक्षित मूल्य असते, ते आठवड्यागणिक खाली सरकत जाते, आणि प्राणी ते मूल्य कसोशीने राखतो. उपाशी राहिल्यामुळे झालेले रोडावणे आणि हे रोडावणे यांत हा मूलभूत फरक आहे.

लेप्टिनच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून रक्तात येणारे आणि ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवणारे संप्रेरक. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि एरवी त्याबरोबर भूक खवळते. हिवाळी हॅमस्टरात लेप्टिन खूप उतरते, तरीही भूक वाढत नाही. उलट लहान दिवसांत त्याचा मेंदू लेप्टिनला अधिक संवेदनशील होतो, त्यामुळे थोडक्या लेप्टिननेही त्याचे समाधान होते. उन्हाळ्यात हाच प्राणी लेप्टिन टोचले तरी फारशी दाद देत नाही.

आता आपल्या घरच्या हॅमस्टरविषयी. त्याच्या शरीराला ‘दिवस लहान झाला’ असे वाटण्यासाठी उजेड साधारण १३ तासांपेक्षा कमी असावा लागतो. पुण्यात डिसेंबरमधील दिनमान ११ तासांच्या आसपास असते, म्हणजे पुण्याचे आकाश अट पूर्ण करते. ती मोडतो दिवाणखान्यातील दिवा. सकाळी सातला उजाडले आणि रात्री अकराला ट्यूबलाइट बंद झाली, की पिंजऱ्यातील प्राण्याच्या लेखी दिवस १६ तासांचा, म्हणजे सायबेरियातील ऐन उन्हाळा. शिवाय दुकानांत मिळणारे अनेक हॅमस्टर कॅम्पबेल या जवळच्या जातीशी संकर झालेले असतात, आणि ती जात अशी पांढरी होत नाही. शुद्ध झुंगेरियनांतही दिनमानाला मुळीच दाद न देणारे काही प्राणी निघतात. हौस म्हणून पाहायचेच असेल, तर दिवेलागणीनंतर जिथे उजेड पोचत नाही अशा खोलीत पिंजरा ठेवावा आणि दोन-तीन महिने धीर धरावा. मात्र हॅमस्टरचे वजन आठ-दहा दिवसांत झपाट्याने उतरले, तर त्याचे श्रेय दिनमानाला देऊ नये. दात वाढणे, जुलाब किंवा अन्य आजार हे त्याचे कारण असण्याची शक्यता फार मोठी असते, तेव्हा पशुवैद्याला गाठावे.

प्रश्न : हॅमस्टर दिवसा थंडगार पडतो आणि संध्याकाळी पुन्हा उठतो, असे ऐकले. ही शीतनिद्राच का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही, हिला दैनंदिन सुप्तावस्था म्हणता येईल. शीतनिद्रेत प्राणी सलग कित्येक दिवस थंड पडून राहतो; येथे सारा खेळ काही तासांचा असतो. लहान दिवसांना साधारण दहा-बारा आठवडे उलटले आणि वजन पुरेसे उतरले, की झुंगेरियन हॅमस्टर अधूनमधून सकाळी, म्हणजे त्याच्या विश्रांतीच्या वेळी, अंगाचा गोळा करून बसतो आणि चयापचयाची गती साध्या विश्रांतीच्या मानाने एक तृतीयांशाच्याही खाली आणतो. शरीराचे तापमान ३७ अंशांवरून २० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येते, हृदयाचे ठोके आणि श्वास विरळ होतात. या वेळी त्याला हातात घेतले तर तो गार आणि काहीसा ताठर लागतो. अनुभव नसलेल्या माणसाने त्याला मेलेला समजावे, अशीच त्याची अवस्था असते. बहुधा दुपारपर्यंत तपकिरी चरबी पेट घेते, आधी मानेचा आणि छातीचा भाग तापतो, मग थरथर सुरू होते, आणि थोड्याच वेळात प्राणी काहीच न घडल्यासारखा दाणे कुरतडू लागतो. रात्री बाहेर पडायच्या वेळी तो पूर्ण जागा असतो. अन्नाची रात्र न चुकवता दिवसाची बचत साधणारी ही युक्ती आहे. पाळीव हॅमस्टर थंड पडलेला दिसला, तर पुरण्याची घाई न करता त्याला हळूहळू ऊब द्यावी आणि वाट पाहावी.

प्रश्न : पिनल ग्रंथी कवटीच्या आत, मेंदूच्या मधोमध असते. तिथे ठार अंधार. मग बाहेर दिवस किती तासांचा झाला, हे तिला कसे कळते? आमच्याकडे काही जण तिला तिसरा डोळाही म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?
— माध्यमिक शाळेतील एक विज्ञान शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : तिसऱ्या डोळ्याची कल्पना अगदीच निराधार नाही, फक्त ती आपल्याला लागू नाही. काही मासे, बेडूक आणि सरडे यांच्यात पिनलचा भाग खरोखर प्रकाशसंवेदी असतो. काही सरड्यांच्या डोक्यावर तर त्याच्याशी संबंधित डोळ्यासारखी रचना बाहेरून दिसते. सस्तन प्राण्यांत मात्र ही क्षमता उरलेली नाही. आपल्या आणि हॅमस्टरच्या पिनलला उजेडाची खबर डोळ्यांकडूनच मिळवावी लागते, आणि तीही बऱ्याच लांबच्या वळणाने.

डोळ्याच्या पडद्यात, चित्र पाहण्याच्या कामी येणाऱ्या दंड आणि शंकू पेशींखेरीज, मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या मोजक्या चेतापेशी असतात. त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. त्यांचे धागे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील एका चिमुकल्या केंद्रकापाशी जातात. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. घड्याळाचा संदेश तिथून खाली पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरतो, मानेतील वरच्या अनुकंपी गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या एका गाठीत, जातो आणि तेथून उलटा वर चढून पिनलमध्ये येतो. मेंदूतून मेंदूतच जायचे, पण मानेपर्यंत जाऊन! या शेवटच्या टप्प्यात रात्री नॉरअॅड्रेनलिन हे चेतातंतूंचे निरोप्या रसायन पाझरते, आणि पिनलच्या पेशी सेरोटोनिनपासून दोन पायऱ्यांत मेलॅटोनिन बनवू लागतात. उजाडले की काम बंद. रात्री मध्येच दिवा लागला तरी काम बंद. मेलॅटोनिन रक्तात फार काळ टिकत नाही, तास-दीड तासात ते बरेचसे नाहीसे होते. म्हणून रक्तातील त्याचा चढ रात्रीच्या लांबीशी नेमका जुळतो. रात्र मोठी, चढ मोठा. रात्र लहान, चढ आखूड. निशाचर हॅमस्टर असो की दिवसा वावरणारी खार असो, मेलॅटोनिन रात्रीच वाढते. त्यामुळे त्याला सरसकट ‘झोपेचे संप्रेरक’ म्हणणे मला चुकीचे वाटते. हॅमस्टर तर त्या वेळी टक्क जागा असतो.

या ग्रंथीविषयीचा पहिला ठोस सुगावा बेडकाच्या पिल्लांनी दिला. १९१७ मध्ये गाईबैलांच्या पिनलचा अर्क बेडूकमाशांना दिला असता त्यांची त्वचा फिकट पडल्याचे आढळले. त्याच धाग्याने पुढे येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी, त्वचेच्या रंगाशी संबंधित विकारांवर काही हाती लागेल या आशेने, १९५८ मध्ये तो रेणू वेगळा केला आणि त्याला मेलॅटोनिन हे नाव मिळाले. त्वचेसाठी त्याचा उपयोग झाला नाही. १९६५ मध्ये हॉफमन आणि रायटर या दोघांनी दाखवून दिले की हॅमस्टरांना लहान दिवसांत किंवा अंधारात ठेवले की त्यांची प्रजननेंद्रिये आकसतात, पण पिनल काढून टाकली तर आकसत नाहीत. तेव्हापासून ही ग्रंथी ऋतूंच्या हिशोबात आली. झुंगेरियन हॅमस्टरातही पिनल काढली की लहान दिवसांचा वजनावर आणि लवेवर होणारा परिणाम थांबतो.

तरीही एक प्रश्न उरतो : मेंदू काय मोजतो, मेलॅटोनिनचे प्रमाण की त्याचा कालावधी? १९८३ मध्ये डायान कार्टर आणि ब्रूस गोल्डमन यांनी पिनल काढलेल्या झुंगेरियन हॅमस्टरांच्या त्वचेखाली बारीक नळी बसवली आणि रोज ठरावीक तास मेलॅटोनिन सोडले. नळीतून चार ते सहा तास मेलॅटोनिन मिळालेल्या प्राण्यांच्या शरीराने उन्हाळा धरला, आणि जास्त तास मिळालेल्यांच्या शरीराने हिवाळा. निर्णायक ठरला तो कालावधी. मात्रा कमीजास्त केल्याने तसा फरक पडला नाही. नंतर टिमोथी बार्टनेस आणि गोल्डमन यांनी हीच पद्धत वापरून दाखवले की दहा-बारा तासांच्या मेलॅटोनिनने वजन आणि चरबीही लहान दिवसांप्रमाणेच घटते.

हा निरोप वाचला जातो तो पीयूषिका ग्रंथीच्या देठाशी असलेल्या एका पातळ पट्टीत. तिथे मेलॅटोनिनचे ग्राही, म्हणजे त्याचा निरोप टिपणारे रेणू, दाटीवाटीने असतात. रात्र लहान असताना ही पट्टी अवटू (थायरॉइड) ग्रंथीला उद्दीपित करणारे संप्रेरक तयार करते, पण त्याचा रोख गळ्यातील अवटू ग्रंथीकडे नसतो; ते वर हायपोथॅलॅमसच्या कडेला असलेल्या पेशींना मिळते आणि त्या पेशी अवटू संप्रेरकाचे त्याच्या क्रियाशील रूपात रूपांतर करतात. त्या रूपाला टी-३ म्हणतात. रात्र मोठी झाली की हे काम थंडावते आणि उलट टी-३ मोडून टाकणारे वितंचक (एन्झाइम) वाढते. म्हणजे लहान दिवसांत मेंदूच्या या एका कोपऱ्यात टी-३ चा दुष्काळ पडतो. संशोधकांनी नेमक्या त्या जागी टी-३ सोडणारी सूक्ष्म कुपी बसवली, तेव्हा लहान दिवस असूनही हॅमस्टर रोडावले नाहीत आणि सुप्तावस्थेतही गेले नाहीत. पुढे चरबी घटवण्याचा आदेश बऱ्याच अंशी चेतातंतूंमार्फत थेट पांढऱ्या चरबीच्या गादीपर्यंत पोचतो. ते तंतू तोडले आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचा गाभाही काढून टाकला, की त्या गादीतील चरबी लहान दिवसांत उतरेनाशी होते. मेलॅटोनिन स्वतः चरबी जाळत नाही, हे यावरून लक्षात यावे. शाळेत शिकवताना एवढा एक मुद्दा मुलांच्या मनात ठसला तरी पुरे.

प्रश्न : मार्चमध्ये दिवस बारा तासांचा असतो आणि सप्टेंबरमध्येही बाराच तासांचा. मग वसंत येतो आहे की हिवाळा, हे प्राणी कसे ओळखणार?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मागचे दिनमान लक्षात ठेवून. आणि नवल असे की काहींना हे लक्षात ठेवण्यासाठी जन्मालाही यावे लागत नाही. अमेरिकेतील माउंटन व्होल या रानउंदरावर टेरेसा हॉर्टन यांनी केलेले प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व पिल्ले जन्मानंतर १४ तासांच्या दिवसातच वाढवली होती. ज्यांच्या आयांनी गर्भारपण ८ तासांच्या दिवसात काढले, ती भराभर वाढली. ज्यांच्या आयांनी ते १६ तासांच्या दिवसात काढले, त्यांची वाढ रेंगाळली. पहिल्यांच्या लेखी १४ तासांचा दिवस म्हणजे वाढता दिवस, दुसऱ्यांच्या लेखी तोच दिवस उतरता. झुंगेरियन हॅमस्टरातही असेच दिसून आले, आणि आईचे मेलॅटोनिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचते व ही खबर देते, हेही सिद्ध झाले. ज्याचे आयुष्य एखाद-दुसऱ्या वर्षाचे, त्याला वाढीचा एक महिना चुकवणे परवडत नाही.

दुसरा भाग अधिक विलक्षण आहे. हॅमस्टरला सतत लहान दिवसांतच ठेवले, तर तो कायम हिवाळ्यात अडकून पडत नाही. साधारण २० ते २५ आठवड्यांनंतर त्याचे शरीर लांब मेलॅटोनिनकडे दुर्लक्ष करू लागते, वजन वाढते, लव पुन्हा राखाडी होते आणि प्रजननेंद्रिये कामाला लागतात. पिनल अजूनही ‘रात्र मोठी आहे’ असेच सांगत असते. ऐकणारेच ऐकेनासे होतात. बिळाच्या अंधारात उजेडाचा भरवसा नसलेल्या प्राण्याला वसंताची तयारी आधीच सुरू करता यावी, हे याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. हा बहिरेपणा जाण्यासाठी पुन्हा कित्येक आठवडे मोठे दिवस लाभावे लागतात.

प्रश्न : मेलॅटोनिनमुळे हॅमस्टरची चरबी उतरत असेल, तर मेलॅटोनिनच्या गोळ्यांनी माणसांचेही वजन कमी होईल का? समाजमाध्यमांवर तसे सांगणारे बरेच आहेत.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : होईल असे मानायला आधार नाही. हॅमस्टरच्या उदाहरणावरून तर मुळीच नाही.

झुंगेरियन हॅमस्टर लांब मेलॅटोनिनवर रोडावतो. त्याचा भाऊबंद, पाळीव प्राण्यांच्या दुकानांत सर्रास मिळणारा सोनेरी सीरियन हॅमस्टर, लहान दिवसांत चरबी साठवतो. आर्क्टिक प्रदेशातील कॉलर्ड लेमिंग हिवाळ्यात पांढरा होतो, पण त्याच वेळी अंगाने वाढतो. संदेश तिघांनाही एकच मिळतो, ‘रात्र मोठी झाली’. त्यावर काय करायचे, हे प्रत्येक जातीच्या उत्क्रांतीने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवले आहे. उघड्या माळावर दाणे वेचणाऱ्याला लहान देह सोयीचा, आणि साठ्यावर हिवाळा काढणाऱ्याला चरबी. तेव्हा ‘मेलॅटोनिन चरबी घटवते’ हे विधान जितके खरे, तितकेच ‘मेलॅटोनिन चरबी वाढवते’ हेही खरे, आणि दोन्ही अपुरी.

माणसाचे काय? अमेरिकेत थॉमस वेर यांनी १९९०च्या दशकात निरोगी माणसांना रोज १४ तास अंधारात ठेवले, तेव्हा त्यांचा रात्रीचा मेलॅटोनिनचा काळ लांबला. म्हणजे रात्र मोजण्याची यंत्रणा आपल्यात आहे. पण हॅमस्टरप्रमाणे वजन, लव आणि प्रजनन यांची आवराआवर आपण ऋतूगणिक करत नाही. माणसाच्या चयापचयाशी मेलॅटोनिनचा संबंध मुळीच नाही, असेही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत मेलॅटोनिनच्या एका ग्राहीच्या जनुकातील बदलांचा आणि रक्तातील साखरेचा, तसेच मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकाराच्या जोखमीचा संबंध आढळला. मेलॅटोनिन घेऊन लगेच ग्लुकोज दिले असता ते हाताळण्याची शरीराची क्षमता मंदावल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणून गोळी आणि जेवण यांची सांगड न घातलेली बरी, आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये. ‘नैसर्गिक’ हा शब्द बाटलीवर छापलेला असतो, पण रात्री आठ वाजता घेतलेली गोळी शरीराला जो निरोप देते, तो निसर्गाने पाठवलेला नसतो.

प्रश्न : महाराष्ट्रात दिवस फारसा लहानमोठा होत नाही. मग आपल्याकडील खारी आणि उंदीर यांना हे सगळे लागू होते का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : थोडे होते, बरेचसे होत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सव्वादोन तासांच्या आसपास फरक असतो, आपल्या नागपुरात अडीच तासांहून थोडा अधिक. सायबेरियाच्या माळावर तो आठ तासांच्या वर जातो. पंचांगात दिनमानाचे आकडे रोज छापलेले असतात, ते सलग चाळून पाहिले तरी हा बदल किती हळू होतो याचा अंदाज येईल. त्यातून आपल्याकडे अन्नाचा सुकाळ-दुष्काळ ठरवतो तो पाऊस, आणि शेतातील उंदरांची वीण पाऊस व पिकांच्या हंगामाशी जुळलेली असते.

तरी भारतीय प्राण्यांत पिनल निवांत पडून आहे, असे समजू नये. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच पट्ट्यांच्या खारीवर, म्हणजे उत्तर भारतात घराअंगणात दिसणाऱ्या नेहमीच्या खारीवर, अनेक वर्षे काम केले आहे. वर्षभरात पिनलचे काम आणि प्रजननेंद्रियांचे काम उलटसुलट चालते, एक जोरात असताना दुसरे मंद, असे त्यांना आढळले. रोगप्रतिकारशक्तीशीही मेलॅटोनिनचा संबंध दिसला. वाराणसी २५ अंशांवर आहे, तिथे दिनमानातील फरक सव्वातीन तासांच्या आसपास असतो. मात्र ही खार हिवाळ्यात चाळीस टक्के वजन उतरवत नाही की दुपारी गार पडून राहत नाही. तिला तशी निकडही नाही.

प्रश्न : पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून उंदरांवर दिनमान, मेलॅटोनिन आणि वजन यांचा संबंध पाहायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिली काळजी उंदरांची जात निवडण्याची. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरली जाणारी सी-५७ ब्लॅक-६ ही जात मेलॅटोनिन बनवतच नाही म्हटले तरी चालेल. ते बनवण्याच्या दोन्ही पायऱ्यांवरील वितंचकांत तिच्या जनुकांनी दोष बाळगला आहे, हे १९८६ पासून माहीत आहे. सी-३-एच आणि सीबीए या जाती मेलॅटोनिन बनवतात. काळ्या उंदरांवर दिनमानाचा परिणाम पाहून त्याचे श्रेय मेलॅटोनिनला देणारे लेखन अधूनमधून वाचण्यात येते, त्याकडे सावधपणे पाहावे.

दुसरी काळजी उजेडाची. अंधाराच्या तासांत दार उघडताना आत शिरलेली उजेडाची तिरीप, यंत्रावरील लुकलुकता दिवा, रखवालदाराची बॅटरी, यांपैकी काहीही रात्रीचे मेलॅटोनिन तोडू शकते. आत जावेच लागले, तर मंद लाल दिवा वापरावा.

तिसरी काळजी निष्कर्षाची. २०१० मध्ये लॉरा फाँकेन, रँडी नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री केवळ ५ लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका मंद उजेड ठेवला, तेव्हा त्यांचे उंदीर तेवढेच खाऊन आणि तेवढीच हालचाल करून अधिक वजनदार झाले. कारण शोधता असे दिसले की ते आपल्या विश्रांतीच्या वेळी, म्हणजे दिवसा, अधिक खाऊ लागले होते. अन्न फक्त रात्रीच उपलब्ध ठेवले, तेव्हा मंद उजेड असूनही वजन वाढले नाही. तेव्हा आपल्या प्रयोगात उंदीर किती खातात याबरोबर ते केव्हा खातात, याचीही नोंद करावी. अन्नाचे वजन दिवस आणि रात्र बदलण्याच्या दोन्ही वेळी करावे, दिवसातून एकदाच नव्हे. आणि प्राण्यांवरील कोणत्याही प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी घेणे बंधनकारक आहे. त्या अर्जातच दिव्यांचे वेळापत्रक तपशीलवार द्यावे, म्हणजे प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांनाही ते पाळावे लागेल.